ऐकलं सगळ्यांनी, शिकले किती?

राज्य शासनाने २०२५ साली शेतकऱ्यांसाठी ‘महाविस्तार’ नावाचं मोबाईल ॲप आणलं. मराठीत प्रश्न विचारायचा, मराठीत उत्तर मिळतं. हवामान, बाजारभाव, पिकाचा सल्ला, योजनांची माहिती, सगळं एका जागी. त्याच वर्षी शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचं धोरण मंत्रिमंडळाने मंजूर केलं आणि त्यासाठी ५०० कोटी रुपयेही ठरवले. तेव्हापासून गावात बैठकीला गेलं की कोणीतरी हमखास विचारतं, ‘‘साहेब, आता सगळं मोबाईलच सांगणार, मग तुमचं काम काय उरलं?’’ लोक हसतात, आम्हीही हसतो. (आमच्या पदाचं नावही २०२५ मध्येच बदललं. कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी झाला. गावात मात्र जुनंच नाव चालतं.)

प्रश्न थट्टेचा असला तरी त्याच्या पोटात एक खरा प्रश्न आहे. आमच्या नोकरीचं सोडा. पण माहिती घरपोच मिळाली म्हणजे कास्तकार शिकला, असं होतं काय? रेडिओ आला तेव्हा हेच बोललं गेलं, टीव्ही आला तेव्हाही हेच, आणि आता मोबाईलच्या बाबतीतही तेच बोललं जात आहे. गंमत अशी की या प्रश्नाचं उत्तर आपल्याच राज्यात जवळपास सत्तर वर्षांपूर्वी नीट तपासून काढलेलं आहे. ते आज फारसं कोणाला आठवत नाही, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पुणे, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे निवडले. त्यातल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळं काढली. एका मंडळात वीसेक माणसं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीचा कार्यक्रम लागायचा. मंडळाने तो एकत्र बसून ऐकायचा, संपला की रेडिओ बंद करायचा आणि आपसात चर्चा करायची. हे आपल्या गावात जमेल का, खर्च किती, पाणी कुठून, कोण आधी करून पाहतो? जे समजलं नाही ते मंडळाच्या चिटणीसाने लिहून केंद्राला पाठवायचं, आणि पुढच्या कार्यक्रमातून त्याचं उत्तर यायचं. दहा आठवडे हे चाललं.

प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. पॉल न्यूरथ हे समाजशास्त्रज्ञ त्या कामाचे प्रमुख होते. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. फक्त मंडळाची गावं न पाहता, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं आणि रेडिओही नाही मंडळही नाही अशी गावंसुद्धा तुलनेला घेतली. प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर, दोन्ही वेळा लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत लोकांचं ज्ञान चांगलंच वाढलेलं दिसलं. जिथे नुसता रेडिओ होता तिथे वाढ अगदी थोडी होती. कार्यक्रम तोच, आवाज तोच, वेळ तीच. फरक एवढाच की एका गावात ऐकल्यावर लोक बोलले आणि दुसऱ्या गावात उठून घरी गेले.

या प्रयोगाचं कौतुक झालं. १९५९ पासून देशभर अशी मंडळं काढायचं ठरलं, आणि पुढे हळूहळू ती विझत गेली. रेडिओ राहिला, मंडळ गेलं. का गेलं हे समजायला कठीण नाही. रेडिओ एकदा विकत घेतला की झाला. मंडळ चालवायला दर आठवड्याला कोणीतरी माणूस लागतो, त्याला रॉकेलचा कंदील लागतो, चिटणीसाला वही लागते आणि पत्राला उत्तर देणारा कोणी लागतो. खरेदीचा खर्च मंजूर होतो, चालवण्याचा होत नाही. ही खोड तेव्हाची आहे आणि आजही गेलेली नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात. २६ जानेवारी १९६७ रोजी दूरदर्शनवर ‘कृषिदर्शन’ सुरू झालं, ते दिल्लीच्या आसपासच्या ऐंशी गावांसाठी. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे प्रशिक्षण व भेट योजना आली, त्यात कर्मचाऱ्याने ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी जायचं बंधन होतं. जुन्या कास्तकारांना तो वार अजून आठवतो. २१ जानेवारी २००४ ला किसान कॉल सेंटर सुरू झालं. २०१३ ला एम-किसानचे मेसेज सुरू झाले. आणि मग व्हॉट्सॲप, यूट्यूब. आज एका कास्तकाराला आठवड्यात जेवढा शेतीचा सल्ला मिळतो तेवढा त्याच्या आज्याला जन्मभर मिळाला नसेल.

एवढा सल्ला असूनही काय होतं ते आपल्या भागाने पाहिलं आहे. २०१७ चा खरीप यवतमाळ जिल्हा विसरू शकत नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, भर उन्हात फवारा आणि अंगावर साधा सदरा. त्या वेळी मोबाईल नव्हते असं नाही. डब्यावर विषाचा त्रिकोण होता: लाल म्हणजे अति जहाल, पिवळा जहाल, निळा मध्यम, हिरवा कमी. डब्यासोबत माहितीपत्रकही होतं, मुंगीएवढ्या अक्षरात का असेना. म्हणजे माहिती जागेवर होती. पण पंप ज्याच्या पाठीवर होता तो अनेक ठिकाणी मजूर होता. सल्ला मालकाच्या फोनवर, औषध दुकानदाराच्या सांगण्यावरून आणि विष मजुराच्या अंगावर. त्याच्या हातात डबा देऊन ‘हा रंग कोणता, याचा अर्थ सांग’ असं आधी कोणी विचारलं होतं? आजही फवारणीच्या सुरक्षिततेच्या बैठकीला सातबारावाले बोलावले जातात. ज्यांच्या नावावर वावर नाही पण जे हंगामभर पंप वाहतात, त्यांची यादी कोणत्याही गटात नसते. ग्रामपंचायतींनी ही यादी करायला काहीच अडचण नाही, गावात सगळ्यांना ती तोंडपाठ असते.

मोबाईलला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. काही कामं मोबाईल अशी करतो की दहा कृषी सहायकांना जमणार नाहीत. मे २०१८ मध्ये मक्यावरची लष्करी अळी भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात पोचली. नवीच कीड, कोणी पाहिलेली नाही. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, हा फोटो फोनवरून फिरला. पोंग्यात भुसा दिसला की लोक अळी बाहेर काढून फोटोशी ताडून पाहू लागले. हे शिक्षणच झालं, आणि चांगलं झालं. पण ते का जमलं याकडे लक्ष द्या. फोटो हातात होता आणि अळीही हातात होती. पाहणारा वावरात उभा होता. खाटेवर पडून पाहिलेला तोच फोटो दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

सोयाबीनच्या उगवण चाचणीचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०२० च्या खरीपात विदर्भ-मराठवाड्यात बियाणं उगवलं नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला. दुबार पेरणी म्हणजे बियाणं, खत, पाळी, मजुरी पुन्हा एकदा. आणि हे टाळायला लागतं काय? ओलं गोणपाट आणि शंभर बिया. दहा-दहाच्या ओळीत बिया मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्याने कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर नेहमीप्रमाणे पेरा. कमी आले तर बियाणं त्या मानाने वाढवा. फारच कमी आले तर ते पोतं पेरणीला काढूच नका. याचे व्हिडिओ भरपूर आहेत. माझ्याकडच्या एका गावाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला तेव्हा अंगठे भराभर आले. पंधरा दिवसांनी बैठकीत विचारलं, ‘‘किती जणांनी गोणपाट भिजवलं?’’ वर आलेले हात बोटावर मोजता आले. एक म्हातारे बाबा म्हणाले, ‘‘पाह्यलं ना बापू, पाह्यलं सगळ्यायनं.’’

त्याच गावात पुढच्या वर्षी जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना गाठलं. सातवीच्या पोरांनी घरून मूठमूठ बियाणं आणलं, प्रत्येक पुडीवर बापाचं नाव. गुंडाळ्या व्हरांड्यात ठेवल्या. शेकडेवारीचा धडा त्याच आठवड्यात होता, गुरुजींनी तोच तिथे शिकवला. मोजणीच्या दिवशी बोलावणं नसताना दहा-बारा पालक शाळेत आले, कारण कोणाच्या पुडीचे एक्काहत्तर आणि कोणाच्या पुडीचे अठ्ठावन्न हे गावभर झालं होतं. अठ्ठावन्नवाल्याने आधी भांडण केलं, मग घरी जाऊन स्वतः शंभर बिया भिजवल्या. व्हिडिओ तेव्हाही वापरला, पोरांनी गुंडाळी कशी करायची ते त्यातच पाहिलं. म्हणजे तंत्र तेच होतं. या वेळी त्याच्या आगेमागे काम होतं, मोजणी होती, आणि थोडी अब्रूही पणाला लागली होती.

आता प्रश्न विचारला की उत्तर देणाऱ्या नव्या ॲपांकडे येऊ. यंत्राला प्रश्न विचारता येणं ही मोठी सोय आहे, रेडिओला ती नव्हती. अडचण प्रश्नातच आहे. ‘सोयाबीन पिवळं पडलं, काय मारू?’ हा आपला नेहमीचा प्रश्न. सोयाबीन पिवळं पडतं त्याची कारणं किती? कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोहाची कमतरता. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. पानावर हिरवे-पिवळे चट्टे एकमेकांत मिसळलेले असतील तर पिवळा मोझॅक, तो विषाणू पांढरी माशी पसरवते. वावराच्या खोलगट भागातच पिवळेपणा असेल तर पाणी साचलेलं. २०२३ ला मोझॅक आणि मूळकूज-खोडकूज यांनी मिळून आपल्याकडच्या सोयाबीनचं काय केलं ते सांगायला नको. मोझॅकचं झाड उपटून नष्ट करावं लागतं, त्यावर लोहाची फवारणी करून उपयोग नाही. पाणी साचलं असेल तर चर काढावा लागतो, कोणतीही बाटली लागत नाही. ज्याने ‘कोवळी पानं की जुनी’ एवढं पाहिलं नाही, त्याला जगातलं सगळ्यात हुशार यंत्रही अंदाजानेच उत्तर देईल. आणि अंदाजाचं उत्तर ठाम भाषेत आलं की माणूस सरळ दुकान गाठतो. यंत्राकडे जाण्याआधी पाहण्याची सवय लागते, आणि ती सवय यंत्र लावत नाही. ती दुसऱ्याच्या बरोबर वावरात फिरून लागते.

शेतीशाळा याचसाठी आहे. तिचं मूळ इंडोनेशियात. तिथे भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी हैराण केलं होतं आणि औषधं मारून कीड उलट वाढत होती. १९८६ साली त्या सरकारने ५७ कीटकनाशकं भातावर वापरायला बंदी केली आणि १९८९ पासून बांधावरच्या शाळा सुरू झाल्या. हंगामभर ठरलेल्या दिवशी त्याच वावरात जायचं, झाडं मोजायची, मित्रकीड-शत्रुकीड वेगळी करायची, चित्र काढायचं आणि गटाने निर्णय घ्यायचा. आपल्याकडे क्रॉपसॅपमधून आणि पुढे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून त्या भरू लागल्या. मूळ पद्धतीत एक सुंदर परीक्षा आहे, तिला मतपेटीची परीक्षा म्हणतात. वावरात खऱ्या झाडाला, खऱ्या किडीला चिठ्ठी लावायची: ही काय आहे? तीन उत्तरं, तीन डबे, आपल्या उत्तराच्या डब्यात चिठ्ठी टाका. अक्षरओळख फार लागत नाही. पहिल्या वर्गाला घ्यायची आणि शेवटच्या वर्गाला पुन्हा घ्यायची. १९५६ ला न्यूरथ यांनी जे केलं तेच हे, आधी आणि नंतर.

आता सत्य काय आहे? बऱ्याच ठिकाणी शेतीशाळा म्हणजे बॅनर, हजेरी आणि ठिकाणाची खूण उमटणारा फोटो. फोटोत माणसं किती हे वरपर्यंत मोजलं जातं. त्यातल्या कितींना डोमकळी ओळखता येते हे कोणी मोजत नाही. फोटोची सोय आली आणि परीक्षेचा डबा कोपऱ्यात गेला. हेही तंत्रज्ञानच, पण ते शिकणाऱ्याच्या कामाचं राहिलं नाही, तपासणाऱ्याच्या कामाचं झालं. एका कर्मचाऱ्याकडे चार-पाच गावं आणि दिवसभर पोर्टलवरची नोंद असेल, तर तो सोपं काम आधी करणार. अधिकाऱ्यांनी फोटोऐवजी मतपेटीचे आधीचे-नंतरचे आकडे मागितले तर महिनाभरात चित्र बदलेल, असं माझं मत आहे.

डोमकळीचा विषय निघाला म्हणून भाषेबद्दल. गुलाबी बोंडअळीने पोखरलेलं फूल उमलत नाही, पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखं राहतं. गावात त्याला डोमकळी म्हणतात आणि हा शब्द शास्त्रज्ञांनीही उचलला, हे बरं झालं. पण सल्ल्यात लिहिलेलं असतं, ‘आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यास फवारणी करावी.’ ही पातळी ओलांडली ते कास्तकाराला कसं कळावं? त्याला सांगा: वावरात फिरून वीस हिरवी बोंडं तोडा, फोडा, दोनात अळी निघाली तर फवाऱ्याची वेळ आली. किंवा सापळ्यात एका रात्री आठ पतंग, असं लागोपाठ तीन रात्री. हे मेसेजमध्ये मावतं. ते मोबाईलवरून पाठवा, आनंद आहे. पण एकदा तरी दहा जणांनी मिळून वीस बोंडं फोडलेली असली पाहिजेत, नाहीतर फोडायचं कसं आणि बघायचं कुठे इथेच गाडी अडते.

आणि बोंडं फोडायला बोलवायचं कोणाला? निंदण आणि वेचणी बायांच्या हातची. डोमकळी पहिल्यांदा त्यांनाच दिसते. ग्रुपमध्ये मात्र नंबर घरधन्याचा. सकाळी अकराची शेतीशाळा म्हणजे बाया कामावर आणि माणसं सावलीत. जिथे वेचणीच्या किंवा निंदणाच्या वावरातच, जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास घेतला, तिथे बायांनी दोन वर्गांत कीड ओळखली, हे मी स्वतः पाहिलं आहे. बचतगटाच्या अध्यक्ष ताईंचा नंबर गटात घ्या, ध्वनिमुद्रित निरोप पाठवा, ऐकायला अक्षरओळख लागत नाही. मोबाईलचा हा उपयोग मला लिखित मेसेजपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना काही करायचं असेल तर नवीन खरेदीची गरज नाही. बऱ्याच ग्रामपंचायतीत टीव्ही किंवा प्रोजेक्टर कुलपात आहे, तो पंधरा दिवसांतून एका संध्याकाळी पारावर लावा. दहा मिनिटांचा एकच व्हिडिओ, मग बंद. त्यानंतर अर्धा तास फक्त बोलणं. ज्याचं उत्तर गावात नाही असे प्रश्न एका वहीत लिहा. सकाळी सहा ते रात्री दहा किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट लागतो. एकट्याने कानाला लावण्यापेक्षा स्पीकर लावून पाच जणांनी मिळून विचारा, एकाला सुचलं नाही ते दुसरा विचारतो. ॲपलाही तसंच विचारा आणि त्याचं उत्तर वहीत लिहून कृषी विज्ञान केंद्राच्या उत्तराशी ताडून पाहा. दोन्ही जुळली तर विश्वास वाढेल, नाही जुळली तर पुढच्या बैठकीला विषय मिळेल. ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यालाही एक नियम लावा: पानाची वरची बाजू, खालची बाजू, अख्खं झाड आणि वावराचा तो भाग, असे चार फोटो आणि पेरणीची तारीख. एका धूसर पानावर सल्ला मागू नये, देणाऱ्यानेही देऊ नये.

कपाशी पंचेचाळीस दिवसांची झाली की कामगंध सापळे लागतात, एकरी दोन. रोज सकाळी त्यातले पतंग मोजावे लागतात आणि गोळी तिच्या पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदलावी लागते. त्याआधीच्या ग्रामसभेत वहीचा विषय घ्यावा. वही कोणाकडे राहील, पतंगांचा आकडा रोज त्यात कोण लिहील आणि गोळी बदलल्याची तारीख कोण टाकेल, ही नावं त्याच बैठकीत ठरवून घ्यावीत.